आबांचं कात्रण आणि लेकीची लस

«ताई, नमस्कार. आम्ही ऐरोलीत राहतो. घरात मी (वय 41), नवरा, मुलगी आणि सासू-सासरे. मुलगी तेरा वर्षांची आहे, आठवीत. मागच्या महिन्यात तिला तापासाठी दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी एचपीव्हीची लस द्या म्हणून सांगितलं. घरी विषय काढला आणि रामायण सुरू झालं. सासरे (आम्ही आबा म्हणतो) रबाळ्याच्या एमआयडीसीत नोकरीला होते, युनियनचं काम केलेले. त्यांनी फायलीतून 2010 सालचं पेपरचं कात्रण काढून समोर ठेवलं, लशीनंतर मुली दगावल्या म्हणून. 'कोव्हिशील्डचंही नंतरच कबूल केलं ना? ही लसही तीच कंपनी बनवते,' म्हणतात. सासूबाईंचं वेगळंच. 'लग्नाआधी असली लस कशाला? उद्या मूल झालं नाही तर?' सोसायटीच्या ग्रुपवर तसे मेसेज येतच असतात. आमचं गाव बार्शीजवळ, तिकडूनही फोन करून घाबरवतात. नवरा म्हणतो, तू आणि आबा मिळून काय ते ठरवा. मला वाटतं, एखाद्या शनिवारी कुणाला न सांगता लेकीला घेऊन जावं आणि लस देऊन आणावी. चुकेल का माझं? 'आमच्या वेळी कुठे होत्या लशी? काय झालं आम्हाला?' असं सासूबाई ऐकवतात. त्यांना स्वतःला पाळी जाऊन दहा वर्षं झाली तरी मधूनच डाग दिसतो, पण ते उष्णतेचं आहे म्हणतात. — एक आई, ऐरोली»

लशीचं नंतर बोलू. आधी तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळ. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, पण सगळ्या पत्रात घाईची गोष्ट तेवढी एकच आहे.

पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या बाईला डाग दिसणं हे उष्णतेचं लक्षण नाही. घाबरू नका, बहुतेक वेळा कारण साधं निघतं. आतलं अस्तर पातळ झालेलं असतं, कोरडेपणा असतो, एखादी छोटी गाठ असते. पण गर्भाशयाच्या किंवा गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची पहिली खूणही हीच असते, आणि कुठला डाग कशाचा हे घरात बसून कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, आणि याच आठवड्यात. सब्जा, गुलकंद, धन्याचं पाणी काय घ्यायचं ते खुशाल घेऊ देत, पण तपासणी करून आल्यावर. त्या एकट्या जायच्या नाहीत हे मी गृहीत धरते. तुम्ही 41 वर्षांच्या आहात, तुमचीही एक तपासणी राहिलीच असेल, त्याबद्दल पुढे सांगते. दोघी एकदमच जा. ऐरोलीतच पालिकेचं राजमाता जिजाऊ रुग्णालय आहे, तिथे चौकशी करा, नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई. आणि डाग दिसतो ही गोष्ट केसपेपर काढतानाच सांगायची, उठताना दारात आठवल्यासारखी नव्हे.

आता लस. एचपीव्ही या विषाणूमुळे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो, तो टाळण्यासाठीची ही लस. ती द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण चोरून नको.

चोरून दिलीत तर ती गोष्ट घरात तेरा वर्षांच्या मुलीला सांभाळावी लागेल, तुम्हाला नाही. दंड दुखतोय, पण आजीला सांगायचं नाही. पुढच्या महिन्यात पाळी चार दिवस पुढे गेली, या वयात जातेच, की तिच्या मनात पहिली शंका त्या इंजेक्शनची येणार आणि विचारायला कुणी नसणार. शिवाय हे एक ना एक दिवस फुटतंच. मग आबांच्या दृष्टीनं त्यांचं कात्रण खरं ठरलं: बघा, इथेही न सांगताच टोचलं!

आणि त्या कात्रणाला तुम्ही सगळे हसत असाल तर हसू नका. त्यातला बराचसा भाग खरा आहे.

2009 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात मिळून वीस हजारांहून जास्त मुलींना एचपीव्हीची लस दिली गेली. प्रकल्प 'पाथ' या अमेरिकन संस्थेचा, सोबत आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राज्य सरकारं, पैसा गेट्स फाउंडेशनचा, लशी कंपन्यांनी फुकट दिलेल्या. त्या मुलींपैकी सात जणी पुढे वारल्या. गदारोळ झाला आणि एप्रिल 2010 मध्ये सरकारनं काम थांबवलं. चौकशीत मृत्यूंची कारणं निघाली ती अशी: कुणी पाण्यात बुडालेली, कुणाला साप चावलेला, कुणी कीटकनाशक प्यायलेली, कुणाला मलेरिया. लशीमुळे मृत्यू झाला असं एकाही बाबतीत दिसलं नाही.

पण त्याच चौकशीत दुसरंही बाहेर आलं. आंध्रातल्या अडीच हजारांहून जास्त संमतीपत्रांवर आईबापांच्या नव्हे, वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. आश्रमशाळेतल्या, आदिवासी घरातल्या पोरी. त्यांना ही लस कशाची, ती संशोधनाचा भाग आहे की सरकारी कार्यक्रमाचा, हे नीट सांगितलंच नव्हतं. लशीनंतर काही त्रास झाला तर नोंद ठेवायची धड व्यवस्था नव्हती. संसदेच्या स्थायी समितीनं 2013 च्या अहवालात पाथ आणि आयसीएमआर दोघांनाही झोडपलं आणि मृत्यूंची चौकशीही वरवर केली म्हणून सुनावलं.

म्हणजे आबांचा राग रास्त आहे, फक्त तो लशीवर निघतोय. ज्यांनी गरिबाच्या पोरीची सही वॉर्डनकडून घेतली त्यांच्यावर तो निघायला हवा. युनियनमध्ये हयात घालवलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. 'आबा, सही घेण्यात फसवणूक झाली हे तुमचं खरं आहे,' एवढं घरातल्या कुणीतरी आधी कबूल करा, मग बघा बोलणं कुठे जातं ते. आजवर त्यांना बहुधा 'तुम्हाला काही कळत नाही' एवढंच ऐकायला मिळालंय. तुमच्या नातीच्या बाबतीत सही तिचे आईबाप करणार आहेत, वाचून, विचारून. खम्ममच्या पोरींना हेच मिळालं नव्हतं.

त्यांना बार्शीबद्दलही सांगा. तुमचं गाव तिकडचं हे वाचून मला बरं वाटलं, कारण या लशीचा जगभराचा इतिहास बार्शीवरून जातो आणि बार्शीकरांनाच त्याचा पत्ता नसतो.

2009 मध्येच भारतात दुसरा एक, अगदी वेगळा अभ्यास सुरू झाला होता. तीन डोस लागतात की दोन पुरतात, हे बघायचं होतं. केंद्रांमध्ये पुणं होतं आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलही. एप्रिल 2010 च्या त्या आदेशानं हाही अभ्यास मध्येच थांबला. काहींचे तीन डोस झालेले, काहींचे दोन, आणि पाच हजारांच्या आसपास मुलींना जेमतेम एकच मिळालेला. असं कुणी ठरवून केलं नसतं. पण संशोधकांनी त्या मुलींची साथ सोडली नाही, पुढे दहा वर्षं त्या तपासल्या जात राहिल्या. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: लशीतल्या 16 आणि 18 या दोन घातक प्रकारांचा संसर्ग टिकून राहण्यापासून एका डोसनं मिळणारं संरक्षण 95 टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे तीन डोसांच्या तोडीचं. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं 9 ते 14 वयाच्या मुलींना एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागच्या पुराव्यात या मुली आहेत. आज अनेक गरीब देशांत एका इंजेक्शनवर काम भागतंय त्यात बार्शी-पुण्याच्या पोरींचा वाटा आहे. गावाहून घाबरवणारा फोन आला की हे ऐकवा.

कोव्हिशील्डचा मुद्दाही उडवून लावू नका. ती लस मुळात ज्या कंपनीची, त्या अ‍ॅस्ट्राझेनेकानं ब्रिटनच्या कोर्टात दिलेल्या कागदपत्रांची बातमी 2024 च्या एप्रिलअखेर आली: फार क्वचित प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होऊ शकतात. आपल्याकडे ती 'अखेर कबुली' म्हणून फिरली. पण हा धोका युरोपच्या नियामकांनी एप्रिल 2021 मध्येच जाहीर केला होता आणि लशीच्या माहितीपत्रकात तो छापलेला होता. आपल्या लोकांपर्यंत तेव्हा तो नीट पोचवला नाही, हा दोष सरकारचाही आणि आम्हा लिहिणाऱ्यांचाही. मात्र कंपनी एक म्हणून लस एक होत नाही. कोव्हिशील्डमध्ये दुसरा एक विषाणू वाहक म्हणून वापरलेला होता. आपल्याकडे कोव्हिशील्ड बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटचीच एचपीव्हीची लस म्हणजे 'सर्व्हावॅक'; तिच्यात जिवंत किंवा मेलेला, कुठलाच विषाणू नाही. यीस्टमध्ये एचपीव्हीच्या फक्त वरच्या आवरणाचं प्रथिन तयार करतात. शेंग आहे, आत दाणा नाही. शरीर शेंग ओळखायला शिकतं, उगवायला आत काहीच नसतं. बाळाला जन्मल्या जन्मल्या देतात ती हिपॅटायटिस बीची लसही याच पद्धतीनं, यीस्टमध्येच बनते.

सासूबाईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही त्या हिपॅटायटिस बीमध्येच आहे. लग्नाआधी कशाला, तर हिपॅटायटिस बीसुद्धा शरीरसंबंधातून पसरतो, आणि नातीला ती लस बहुधा पाळण्यात असतानाच दिलेली आहे. तेव्हा कुणी लग्नाचं विचारलं नाही. एचपीव्हीची लस संसर्ग व्हायच्या आधी घेतली तरच पुरती लागू पडते, झालेला संसर्ग ती बरा करत नाही. शिवाय 9 ते 14 या वयात शरीर जास्त जोरानं प्रतिसाद देतं, म्हणून डोस कमी लागतात. मुलगी पुढे कशी वागेल याचा यात कुठेच संबंध नाही. लग्नाआधी काहीही न केलेल्या बाईला नवऱ्याकडून हा संसर्ग होतो, आणि त्या नवऱ्यालाही आपल्याकडे तो आहे याची गंधवार्ता नसते. सासूबाईंना एवढं सांगितलंत की पुरे, त्यांच्या पिढीनं नवरे पाहिले आहेत.

मूल न होण्याची भीती मात्र उलटी आहे. 2006 पासून ही लस जगात दिली जातेय, 2017 पर्यंतच 27 कोटींहून जास्त डोस झाले होते. वंध्यत्वाशी तिचा संबंध कुठेही सापडलेला नाही. कॅन्सर झाला तर? तेव्हा गर्भाशय काढावं लागतं किंवा किरणोपचारानं बीजकोश निकामी होतात. भारतात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे नवे रुग्ण दरवर्षी सव्वा लाखाच्या घरात आणि मृत्यू पाऊण लाखाहून जास्त. हा आजार पणजोबांकडून येत नाही, ज्योतिषातही नसतो, जवळपास सगळ्या केसेस एचपीव्हीच्याच. हे शोधणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउसन या जर्मन शास्त्रज्ञाला 2008 चं नोबेल मिळालं. स्कॉटलंडमध्ये लसीकरण सुरू झाल्यावर ज्या मुलींनी बारा-तेराव्या वर्षी लस घेतली त्यांच्यात 2024 च्या अभ्यासापर्यंत या कॅन्सरची एकही केस आढळली नाही. एकही नाही. मी आरोग्यावरचे बरेच अहवाल वाचते, असं शून्य क्वचित दिसतं.

त्रास काय होतो? दंड दुखतो, सुजतो, कधी कणकण येते. या वयाच्या मुलींना सुई बघून चक्कर येते, म्हणून बसवून किंवा आडवं करून देतात आणि नंतर पंधरा मिनिटं तिथेच थांबवतात. तीव्र अ‍ॅलर्जी दहा लाख डोसांमागे दोघींनाही होत नाही, तरी ते थांबणं त्यासाठीच असतं. पार्किंगची घाई आहे म्हणून उठू नका.

ग्रुपवरच्या मेसेजना उत्तर देऊ नका. तिथे कुणाचंच मत बदलत नाही.

आता नवऱ्याकडे येते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात खटकले ते तेच. आबा विरोध करताहेत, पण निदान कात्रण जपून ठेवण्याइतका विचार करून करताहेत. सासूबाई घाबरल्यात. नवरा मात्र 'तू आणि आबा मिळून ठरवा' म्हणून मोकळा. मुलगी त्याची आहे, वडीलही त्याचेच आहेत, आणि मधे उभं राहायचं सुनेनं! हे चालणार नाही. आबांशी बोलायचं काम त्याचं. तुम्ही स्वयंपाकघरातून मोठ्यानं पूरक माहिती देऊ नका, शक्यतो त्या वेळी घरातच थांबू नका. मुलानं बापाला सांगायचं: 'आबा, तुमचं कात्रण वाचलं. तेव्हा जे झालं ते वाईटच. पण आम्ही दोघांनी विचार करून ठरवलंय, लस द्यायची.' परवानगी मागायची नाही, माहिती द्यायची. आबांना हवं असेल तर त्यांनी डॉक्टरांकडे सोबत यावं आणि हवे तेवढे प्रश्न विचारावेत. लशीची बॅच, कंपनी, मुदत, सगळं बघू द्या त्यांना. अशा माणसाला पाहण्याचा हक्क दिला की अर्धा विरोध तिथेच विरतो. नाही विरला तरी निर्णय आईबापांचाच राहतो.

नवरा तरीही बोललाच नाही, तर? तर तुम्ही दोघांनी सही करा, लस द्या, आणि त्याच दिवशी संध्याकाळी जेवताना घरात उघड सांगा. उशिरा सांगणं चालेल, लपवणं नको.

राहिली मुलगी. आतापर्यंत तिला कुणी काही विचारलेलंच दिसत नाही, आणि भांडणं भिंतीपलीकडून ती ऐकतेच आहे. तिला सांगा, सरळ. गर्भाशय कुठे असतं हे आठवीच्या मुलीला माहीत असतं. त्याच्या तोंडाशी एका विषाणूमुळे पुढे पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो, तो मोठेपणी संबंधांतून येतो, म्हणून आत्ताच बंदोबस्त करतात. एवढं पुरे. ती लाजेल, तुम्हीही लाजाल, दोन मिनिटांत होतं. वर्गातल्या मुलग्यांना का नाही असं तिनं विचारलं, तर प्रश्न चोख आहे म्हणा: मुलग्यांनाही देता येते, घशाचे वगैरे काही कॅन्सर याच विषाणूमुळे होतात, पण सरकारी कार्यक्रमांचा भर आधी मुलींवर असतो.

व्यवहाराचं थोडं. पालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात तिच्या वयाच्या मुलींना ही लस मोफत मिळते का, हे आधी विचारा. मिळत असेल तर तिथे घ्या, एकच डोस असला तरी बिनदिक्कत. खाजगीत गेलात तर सर्व्हावॅक बाजारात आली तेव्हा एका डोसची किंमत दोन हजारांच्या आसपास होती. नऊ प्रकारांवर चालणारी आयात लस कैक पटीनं महाग पडते. परवडत असेल तर घ्या, नसेल तर मन खाऊ नका, कारण कॅन्सरला बहुतांशी कारणीभूत असलेले 16 आणि 18 दोन्हींत आहेत. खाजगी डॉक्टर 9 ते 14 वयात दोन डोस देतात, सहा महिन्यांच्या अंतरानं. पंधरा पूर्ण झाली की तीन लागतात. तेव्हा आबांशी बोलायला अवधी आहे, पण वर्षभर रेंगाळू नका. ताप असेल तर पुढे ढकला, पूर्वी कुठल्या लशीची किंवा यीस्टची अ‍ॅलर्जी झाली असेल तर आधी सांगा.

आणि तुमची तपासणी. लस लेकीची, पण तिशी ओलांडलेल्या बाईला तपासणी चुकत नाही, आणि लेकीलाही पुढे ती करावी लागणारच, कारण लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही. सरकारी केंद्रात साधी पद्धत असते: व्हिनेगरसारखं सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड गर्भाशयाच्या तोंडाला लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडलेल्या पेशी असतील तर तेवढा भाग पांढरा पडतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. टाटा हॉस्पिटलनं मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेल्या या तपासणीनं मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. जास्त भरवशाची एचपीव्ही चाचणी. तिचा मोठा पुरावा पुन्हा तुमच्याच भागातला: तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीनं मृत्यू निम्म्यावर आले, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. पाळीच्या दिवसांत जाऊ नका, ती संपल्यावर जा. सासूबाईंनी मात्र कसलीही वाट बघायची नाही. तपासणीत पुढचं काही निघालंच, तर खारघरचं टाटा तुमच्यापासून लांब नाही, चिठ्ठी घेऊन तिकडे जाता येईल.

लसीचं कार्ड आबांच्या फायलीत ठेवायला द्या, ते हरवणार नाहीत. आणि दोन डोस घेणार असाल तर दुसऱ्याची तारीख आत्ताच मोजून बघा, वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात येत असेल तर पहिला डोस थोडा पुढे-मागे करा.